दहा सशांचं युनिट घेऊ का? – जालन्याच्या एका भावाला उत्तर

प्रश्न असा आला आहे. भोकरदन तालुक्यातल्या एका भावाकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, कपाशी आणि सोयाबीनची. गावात एका कंपनीचा माणूस येऊन गेला. दहा सशांचं एक युनिट, म्हणजे सात माद्या आणि तीन नर, पिंजऱ्यासकट. अशी दहा युनिटं सहा लाखांना. पिल्लं तीन महिन्यांची झाली की कंपनीची गाडी दारात येऊन उचलणार, करार स्टॅम्पपेपरवर. भाऊ विचारतात, "ताई, ससेपालन परवडतं का? घरचे दागिने ठेवून निम्मे पैसे उभे होतील. आमच्याकडच्या उन्हात ससा तगेल का? शेड कशाचं करू?" आणि जाता जाता लिहिलंय, की आठ वर्षांची लेक ससे येणार म्हणून आत्तापासून नाचते आहे.

दादा, मी भोर तालुक्यात 2010 पासून ससे पाळते. आज माझ्याकडे अठरा माद्या आहेत. मध्यंतरी सत्तर होत्या, त्याआधी एकदा सगळे मिळून दोनशेच्या वर ससे होते. ते दोनशे कसे झाले आणि कसे गेले, ते पुढे सांगते. ससेपालन परवडतं का, याचं माझं उत्तर "हो, थोडंसं" असं आहे. पण तुम्ही सहा लाख ससेपालनात घालायला निघालेला नाही. एका माणसाने उद्या फोन उचलावा, यावर तुम्ही ते लावताय. म्हणून शेड आणि उन्हाचं नंतर बोलू, आधी त्या माणसाचं.

गणित कागदावर करा. सात माद्या वर्षाला पाच वेळा व्यायल्या आणि प्रत्येक वेताला पाच पिल्लं जगली, तर वर्षाची 175 पिल्लं. हे काही फार वाढवून सांगितलेलं नाही, बऱ्या व्यवस्थापनात होतं. त्यातल्या निम्म्या, म्हणजे 87 माद्या. सात-सातची वाटणी केली तर एका युनिटमधून वर्षाला बारा नवी युनिटं तयार होतात. आता कंपनी तुमची पिल्लं उचलून पुढच्या शेतकऱ्याला "युनिट" म्हणून विकते असं धरा. पहिल्या वर्षी 12 शेतकरी लागले. दुसऱ्या वर्षी 144. तिसऱ्या वर्षी 1,728. चौथ्या वर्षी 20,736. आणि हे तुमच्या एकाच युनिटचं. तुम्ही दहा घेताय. एवढी घरं कुठून आणायची? ज्या महिन्यात नवा शेतकरी मिळायचा थांबतो, त्या महिन्यात गाडी यायची थांबते. ससे मात्र थांबत नाहीत, एकतिसाव्या दिवशी वितातच.

म्हणजे कुणी माणूस मुळातच लबाड असावा लागतो असंही नाही. प्राणी खाणाऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही, नुसता पाळणाऱ्याकडून पाळणाऱ्याकडे फिरत राहिला, तर तो धंदा स्वतःच्या वजनानेच पडतो. 2012 साली तमिळनाडूत पेरुंदुराईला इमू पक्ष्यांचं हेच झालं. 2019 साली सांगली-कोल्हापुराकडे कडकनाथ कोंबडीचं झालं. त्या कोंबड्या चांगल्याच होत्या की! अंडी घालत होत्या, वाढत होत्या. त्यांना करारातल्या भावाने घेणारं कुणी उरलं नव्हतं.

माझंही तसंच झालं, 2012 मध्येच. तेव्हा एका कंपनीची (नाव घेण्यात आता अर्थ नाही) चार युनिटं मी घेतली होती, सोसायटीचं कर्ज काढून. पहिल्या तीन वेळा गाडी आली. वजनकाटा, पावती, चेक, सगळं चोख. त्या चेकच्या झेरॉक्स मी शेजारणीला दाखवल्या, तिनेही दोन युनिटं घेतली. ते अजून मनाला लागतं. चौथ्या वेळी "पुढच्या आठवड्यात" झालं, मग "गाडीचा प्रॉब्लेम", मग फोन बंद. मे महिना, घरात 160 विक्रीलायक ससे, आणि एकेक जण दिवसाला शंभर ग्रॅम गोळीखाद्य फस्त करतोय. रोज सोळा किलो. पन्नास किलोचं पोतं तीन दिवसांत संपायचं. करार कपाटात होता. त्यात कंपनीच्या ऑफिसचा पत्ता होता, तिथे आता मोबाईलचं दुकान होतं.

तेव्हा तुमच्या दारात आलेल्या माणसाला एवढंच विचारा: गेल्या महिन्यात सशाचं मांस कुणाला विकलं? कुठे कापलं? तिथली अन्न सुरक्षेची नोंदणी आणि घेणाऱ्याची पावती दाखवा. नवीन शेतकऱ्यांचे हार घालून काढलेले फोटो नकोत. तो म्हणेल, "आमचे ससे औषध कंपन्यांना जातात, लशी बनवायला." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता हसू येतं. प्रयोगशाळा सरकारी समितीकडे नोंदणी असलेल्या पैदासकाराकडूनच जनावर घेते, तिला प्रत्येक सशाचं वय, वंश, आजाराचा इतिहास लागतो. गावोगावच्या पत्र्याच्या शेडमधून गोळा केलेला ससा तिथे चालत नाही.

करार वाचायला मिळाला तर तीन ओळी शोधा. एक, उचलण्याची तारीख चुकली तर त्या दिवसापासूनचा खुराक कुणाचा. दोन, वजनाची अट. "90 दिवसांत दोन किलो, नाहीतर नापास" असं असेल तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तुमचा निम्मा माल नापास ठरेल आणि दोष तुमच्यावर येईल. तीन, बाहेर विकायला मनाई आहे का. माझ्या करारात तिसरी ओळ होती आणि पहिली नव्हती.

आता ससा. जनावर म्हणून मला त्याच्याबद्दल वाईट बोलवत नाही. गाभणकाळ अठ्ठावीस ते बत्तीस दिवस, बहुतेक एकतीस. वेताला पाच ते आठ पिल्लं. महिना-सव्वा महिन्याला ती आईपासून तोडायची, तीन महिन्यांत जेमतेम दोन किलो. जागा कमी लागते, आवाज नाही, बाईमाणसाला एकटीने सांभाळता येतो. मांसात चरबी कमी. इटली, स्पेन, फ्रान्स, चीनमध्ये लोक पिढ्यान् पिढ्या खातात. आपल्या देशात केरळ, तमिळनाडू आणि ईशान्येकडच्या राज्यांत खाणारं गिऱ्हाईक आहे, म्हणून तिथे छोट्या घरांत ससा टिकला. महाराष्ट्रात ते गिऱ्हाईक तयार नाही, एकेक करून तयार करावं लागतं. फरक एवढाच आहे, पण तो सगळ्यात मोठा आहे.

शेळीशी ताडून बघा. रविवारी पोराला दवाखान्यात न्यायचं आहे आणि खिशात पैसे नाहीत. बाजाराच्या दिवशी बोकड नेला की तासाभरात रोख पैसे. नेला नाही तरी खाटीक दारात येतो. सशाला आठवडी बाजार नाही. मी एकदा नेऊन पाहिले होते, बांबूच्या पाटीत आठ ससे. दिवसभर पोरं जमली, हात लावून गेली, एका बाईने विचारलं "चावतो का?" संध्याकाळी आठच्या आठ परत आणले, वर पाटीला जागेचे पैसे द्यावे लागले.

माझी गिऱ्हाइकं कोण आहेत ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. पुणे-बंगळूर रस्त्यावरचे दोन ढाबे, आठवड्याला मिळून दहा-बारा ससे. आठ-दहा घरं, ज्यांना डॉक्टरने मटण कमी करायला सांगितलंय किंवा जे केरळचे आहेत आणि ज्यांना ससा नवा नाही. शिवाय लेंडीखत, ते दोन नर्सरीवाले नेतात. सशाची लेंडी मुळांना चटका देत नाही, थेट कुंडीत टाकता येते, म्हणून तिला मागणी असते आणि त्यासाठी मला कधी कुणाच्या दारात जावं लागलं नाही. पाळीव म्हणून पिल्लं विकायचा नादही केला. पण शहरातल्या दुकानांना 2018 च्या नियमांनुसार नोंदणी लागते, आणि ते लोक पांढरीशुभ्र, लांब केसांची, लहान कानांची जात मागतात. मांसाचा ससा तीन महिन्यांत मांजराएवढा होतो. फ्लॅटमधल्या माणसाला तो नको असतो.

हे दोन ढाबे जोडायला मला दीड वर्ष लागलं. पहिल्याला मी तीन ससे फुकट दिले, रस्सा कसा करायचा तेही तिथे उभं राहून दाखवलं. सशाच्या मांसात चरबी कमी, म्हणून ते मटणासारखं शिजवलं तर चिवट, कोरडं लागतं. थोडं जास्त तेल, दह्यात दोन तास मुरवणं, आणि आच मंद. हे सांगितलं नसतं तर पहिल्याच ताटाला "नको बाबा" झालं असतं.

आणि आपल्या लोकांचं पंचांग. श्रावणात विक्री शून्य. गणपती, पितृपंधरवड्यात थोडीफार, नवरात्रात पुन्हा बंद. मार्गशीर्षातले गुरुवार आहेतच. जोर असतो तो आषाढात, आखाड तळायच्या दिवसांत, मग दिवाळीनंतर आणि 31 डिसेंबरला. सशाला पोटातला एक महिना आणि वाढीचे तीन, असे चार महिने लागतात. म्हणजे 31 डिसेंबरसाठी ऑगस्टच्या शेवटी माद्या नराकडे न्यायच्या, ते सोपं. पण आषाढासाठी मार्चमध्ये न्याव्या लागतात, म्हणजे पिल्लं एप्रिलमध्ये जन्मणार आणि भर मे महिन्यात वाढणार. सगळ्यात चांगला भाव मिळतो तेव्हाचं पीक सगळ्यात वाईट दिवसांत घ्यायचं. नवख्याला हे कुणी सांगत नाही.

इथे तुमच्या उन्हाचा प्रश्न येतो. सशाला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता कानांतून बाहेर टाकतो, म्हणून कान एवढे मोठे आणि त्यात शिरांचं जाळं. पंधरा ते पंचवीस अंशांत तो सुखात असतो. तिशीच्या वर खाणं कमी करतो. पस्तिशीच्या वर पिंजऱ्यात आडवा पसरून धापा टाकायला लागतो, आणि नाकाभोवतीचे केस ओले दिसले तर अर्ध्या तासात काहीतरी करावं लागतं. आमच्याकडे भोरला मे महिन्यात पारा 37-38 ला जातो, तिथेच माझी त्रेधा उडते. तुमच्याकडे 42.

मरणारे ससे दिसतात तरी. न दिसणारं नुकसान नराचं असतं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस तापला की नर पुढे दीड-दोन महिने नापीक राहतो. तो माद्यांवर चढतो, सगळं नेहमीसारखं दिसतं, पण मादी गाभण राहत नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी जून-जुलैमध्ये बावीस माद्या लावल्या, तीन गाभण राहिल्या. मी माद्यांना दोष देत बसले, दोन तर विकूनही टाकल्या. दोष नरांचा होता, म्हणजे खरं तर माझ्या पत्र्याचा.

म्हणून तुमच्याकडे शेड करायचंच झालं तर पत्रा नको. कौलं किंवा उसाच्या पाचटाचं छप्पर, उंची मधोमध दहा-बारा फूट, लांबी पूर्व-पश्चिम, पश्चिमेला कडुनिंब असेल तर सोन्याहून पिवळं. भिंत अडीच फूट, वर जाळी, जाळीला गोणपाटाचे पडदे आणि त्यावर ठिबकची एक नळी. नर सगळ्यात थंड कोपऱ्यात, तेही एकेकटे. रात्री पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या गोठवायच्या आणि दुपारी बाराला प्रत्येक पिंजऱ्यात एक आडवी टाकायची. ससा स्वतःहून तिला अंग लावून झोपतो. पण त्यासाठी फ्रीज हवा आणि रात्रभर वीज हवी. भारनियमनाचं तुमच्याकडे काय, ते तुम्हीच जाणता. एप्रिल-मे दोन महिने मादी लावायचीच नाही, असा नेम तुमच्या भागात मी पाळला असता. मग पाचऐवजी चारच वेतं मिळतात. याचा पैशांवर काय परिणाम होतो ते बघू.

आकडे धरून चालू. भाव तुमच्याकडचे टाकून पुन्हा मांडा. दहा माद्या, दोन नर. पाच वेतं, वेताला पाच विकण्याजोगे ससे, वर्षाला 250. दोन किलोचा एक, जिवंत वजनाला 180 रुपये किलो धरला तर नव्वद हजार. खर्चात खाद्य मुख्य. हिरवा चारा घरचा असेल तर एका पिल्लाला विक्रीपर्यंत साधारण तीन किलो गोळीखाद्य, मोठ्या सशाला दिवसाला 120 ग्रॅम म्हणजे वर्षाला 44 किलो. सगळं मिळून पावणेतेराशे किलो, तीस रुपयांनी साडेअडतीस हजारांच्या आसपास. औषध, वीज, गाडीभाडं आठ हजार. पिंजरे पाच वर्षांत फेडायचे म्हणून वर्षाचे नऊ हजार. उरले साडेचौतीस हजार, म्हणजे दिवसाला 95 रुपये. सकाळ-संध्याकाळ मिळून दोन तास काम. आता चारच वेतं घ्या. विक्री 72 हजारांवर येते, खाद्य चौतीस हजारांवर, बाकी खर्च तोच. उरतात एकवीस हजार, दिवसाचे 58 रुपये.

यात मजुरी धरलेली नाही, कर्जाचं व्याज नाही, मर काढलेली आहे पण साथ नाही. आणि सगळा माल वेळेवर विकला जातो, असं गृहीत आहे. चाळीस ससे महिनाभर पडून राहिले, तर त्यांच्या खाद्यातच साडेतीन-चार हजार जातात. कंपनीवाल्याच्या कागदावर "दरमहा 45 हजार" दिसतं, कारण तिथे प्रत्येक मादी आठ वेळा विते, एकही पिल्लू मरत नाही आणि भाव त्यांचा त्यांनीच ठरवलेला असतो.

हे वाचून तुम्हाला वाटेल की ताई स्वतः करतात आणि दुसऱ्याला नको म्हणतात. तर मी काय म्हणेन ते सांगते. तीन माद्या, एक नर. पिंजरे वेल्डमेशचे, घरी वाकवून केलेले, एका मादीला अडीच फूट बाय दोन, उंची दीड फूट. न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला, दोन्ही जाती आपल्याकडे रुळलेल्या आहेत. अंगोरा नको, तो लोकरीचा ससा, थंड डोंगरातला. कुलूकडे ठीक आहे. ससे जवळच्या जुन्या पाळणाऱ्याकडून घ्या, जो तुम्हाला वही दाखवेल: कोणती मादी कधी लावली, किती झाली, किती जगली. ज्याच्याकडे वही नाही त्याच्याकडे चहा घ्या आणि परत या. नर दुसऱ्या ठिकाणचा घ्या, नाहीतर भावाबहिणींचं रक्त एक होऊन दोन वर्षांत पिल्लं खुरटतात. घेतल्याची पावती सांभाळा. रानातला ससा निराळा, तो पाळता-मारता येत नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि कुणी तक्रार केली तर वनरक्षकाला पांढरा ससा आणि रानससा यांतला फरक पावतीनेच पटकन समजतो. सोयाबीन काढताना रानसशाचं पिल्लू सापडलं तर ते तिथेच ठेवा.

मादी नेहमी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. नर मादीच्या पिंजऱ्यात टाकलात तर ती त्याला ओरबाडून काढते, कारण ते तिचं घर. बाराव्या-चौदाव्या दिवशी पोट चाचपायचं. मादीला टेबलावर गोणपाटावर बसवायचं, एका हाताने मानेपाशी धरायचं, दुसरा तळवा पोटाखाली नेऊन अंगठा आणि बोटांत हलकेच मागून पुढे सरकायचं. गाभण असेल तर बोरं माळेत ओवल्यासारखी लागतात, गुळगुळीत, बोटांतून निसटणारी. लेंड्या लागल्या तर त्या कठीण असतात आणि पाठीच्या बाजूला. मला हे यायला वर्ष लागलं. पहिली अनेक "बोरं" लेंड्याच निघाली. पण एकदा हाताला समजलं की रिकाम्या मादीला पंधरा दिवस फुकट खुराक जात नाही.

सत्ताविसाव्या दिवशी लाकडी खोकं ठेवायचं, आत वाळलेलं गवत. विण्याच्या आदल्या रात्री मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून गादी करते. सकाळी तो केसांचा ढीग आतून श्वास घेतल्यासारखा हलत असतो. पंधरा वर्षं झाली, अजूनही मी खोक्यापाशी वाकून बघत उभी राहते. पिल्लं उघडी, गुलाबी, आंधळी. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात. आई दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. नवखे लोक घाबरतात, "आई जवळ जात नाही," म्हणून पिल्लं उचलून तिच्या पोटाशी लावतात. गरज नाही. सकाळी पोट गोल दिसलं की झालं.

खाण्यात एक सांगते आणि पुढे जाते: बदल हळू करा. लसूणघास, दशरथ घास, शेवरी उत्तम. आदल्या दिवशी कापून सुकवलेली, ओली नको. सुबाभूळ थोडीच, जास्त झाली तर केस गळतात. शेंगपेंडीला बुरशीचा वास आला तर गुरांनाही देऊ नका, सशाला तर नाहीच. पहाटे ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, तो आजार नाही, त्याची पचनाची रीतच आहे.

आजारात खरुज आणि कॉक्सिडिया, हे दोन तुम्हाला भेटणारच. कानात तपकिरी खपल्यांचा थर, नाकावर-पंजांवर पांढरी साल दिसली की तो ससा त्या दिवशी वेगळा काढायचा आणि पशुवैद्यकांकडून इंजेक्शन घ्यायचं. अंगावरची खरूज माणसालाही खाज लावते. कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले परजीवी, हा आईपासून तोडलेल्या पिल्लांना होतो, पोट फुगतं, पातळ होतं. लेंडी पिंजऱ्यात साचू दिली नाही तर निम्मं काम होतं. आणि कृपा करून माणसांच्या मेडिकलमधून औषध आणू नका. मी एकदा शिंकणाऱ्या सशांना अमॉक्सिसिलिन पाण्यातून पाजलं, मुलांना देतात म्हणून. चार दिवसांत नऊ ससे गेले. पेनिसिलिनच्या जातीचं औषध तोंडावाटे दिलं की सशाच्या आतड्यातले पचनाचे जंतू मरतात आणि त्यांच्या जागी विषारी जंतू माजतात. नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा विचारायला मला दोन रुपयांचा फोन पडला असता.

तीन माद्यांवर एक वर्ष काढा. त्या वर्षात घरी शिजवा, पाहुण्यांना घाला, भोकरदन-सिल्लोड रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना नमुना द्या. ज्या दिवशी वहीत अशी पाच नावं असतील जी न विचारता फोन करतात, त्या दिवशी चौथी मादी. मांस म्हणून विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी काढून घ्या. अनुदानाच्या भरवशावर राहू नका: राष्ट्रीय पशुधन अभियानाची 2021 पासूनची उद्योजकता योजना शेळी-मेंढी, कोंबडी, वराह आणि चाऱ्यासाठी आहे, 2024 मध्ये त्यात घोडा, गाढव, खेचर आणि उंट आले, ससा त्यात नाही. कंपनीवाला "सबसिडी मिळवून देतो" म्हणाला तर कोणत्या योजनेची, ते लेखी मागा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.

दागिने ठेवू नका. अगदीच ठेवायचे तर उस्मानाबादी शेळ्या घ्या, चार-पाच. त्या तुमच्या मराठवाड्याच्याच आहेत, ऊन सोसतात, जुळी देतात, आणि त्यांना बाजार आहे.

माझ्या त्या 160 सशांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. साठ-सत्तर उन्हाने आणि हगवणीने गेले. काही फुकट वाटले. उरलेले अर्ध्या भावात एका ढाबेवाल्याला दिले, तोच पुढे माझं पहिलं गिऱ्हाईक झाला. कर्ज फिटायला 2016 उजाडलं. शेजारणीची दोन युनिटं मी माझ्याकडे घेतली आणि पैसे तिला थोडे थोडे करून दिले. ती मात्र अजून सशाच्या शेडमध्ये पाऊल टाकत नाही.

आता लेकीचं. तिला कबूल केलं असेल तर मोडू नका, पण धंद्याच्या सशांना तिला नावं ठेवू देऊ नका. माझ्या धाकटीने "चिंटू" नाव ठेवलेला नर सात वर्षं फुकट खात बसला होता. तिच्यासाठी वेगळे दोन आणा, एकाच वेतातल्या दोन बहिणी. जोडी म्हणून नर-मादी आणू नका, वयात आली की महिन्याभरात आठ होतील. आणि दुकानदार "दोन्ही माद्याच आहेत" म्हणेल, त्यावर विश्वास ठेवू नका. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लात त्यालाही ओळखता येत नाही. दवाखान्यात नेऊन एकदा तपासून घ्या.